आधी पाणी, मग मासे

दोन फुटी टँक, बारा निऑन टेट्रा आणि पाच रुपयांच्या नाण्याएवढे दोन एंजल, ही माझी पहिली खरेदी. निऑन हा जेमतेम ३ सेंटिमीटरचा मासा. अंगावर लखलखती निळी रेघ आणि शेपटीकडे लाल पट्टा. एंजल तेव्हा त्याच्याहून फार मोठे नव्हते. पाच-सहा महिने सगळे गुण्यागोविंदाने राहिले. मग एका सकाळी मोजले तर निऑन अकरा भरले. झाडांच्या बुडाशी, फिल्टरच्या मागे, टँकबाहेर फरशीवर, सगळीकडे शोधलं. मेलेला मासा कुठेच नव्हता. आठवड्याने नऊ उरले, महिनाअखेरीस चार. दिवसा पाहावं तर एंजल पंख पसरून संथ फिरायचे, कुणाच्या वाटेला जायचे नाहीत. एकदा पहाटे पाचला उठलो तेव्हा उलगडा झाला. अंधारात निऑनचे रंग फिके पडतात, कळप विस्कटतो आणि एकेक मासा झाडाच्या आडोशाला जवळजवळ निश्चल तरंगत राहतो. खिडकीतून येणाऱ्या पहिल्या उजेडात थोरला एंजल अशाच एका निऑनसमोर नाक रोखून थांबला होता. पुढचं एका क्षणात झालं.

दुकानदाराने फसवलं नव्हतं. "एकत्र राहतात ना?" असं मी विचारलं होतं आणि "राहतात की" असं त्याने सांगितलं होतं. त्या दिवशी, त्या वयात, ते खरंच राहत होते. दुकानातल्या माशांकडे बघून हा प्रश्न सुटत नाही. तिथे बहुतेक मासे पिल्लावस्थेत असतात. गर्दी इतकी असते की कुणालाच कोपरा बळकावता येत नाही, आणि आठ-दहा दिवसांत माल बदलतो. आपल्याला जाणून घ्यायचं असतं ते वर्षभरानंतरच्या माशांबद्दल, रात्रीच्या माशांबद्दल आणि आपल्या घरच्या पाण्यातल्या माशांबद्दल.

एंजल आणि निऑन दोघेही ॲमेझॉनच्या खोऱ्यातले, त्यामुळे शेजारी म्हणून शोभतील असं वाटतं. पण तिथे निऑनएवढे मासे एंजलच्या खाण्यातलेच. पूर्ण वाढलेला एंजल १५ सेंटिमीटरच्या आसपास जातो, आणि वरखालचे पंख धरले तर त्याची उंची लांबीपेक्षाही जास्त भरते. त्याच्या तोंडात निऑन आरामात मावतो, आणि जे तोंडात मावतं ते माशाच्या लेखी खाणं असतं. राजदंड नसला की बलवान दुर्बळाला गिळतो, या अवस्थेला कौटिल्याने मत्स्यन्याय म्हटलं आहे. टँकमध्ये हा न्याय नंतर थांबवता येत नाही, तो खरेदीच्या वेळीच थांबवावा लागतो. म्हणून दुकानात पहिला प्रश्न विचारावा तो पूर्ण वाढ किती होते हा, आणि उत्तर मिळालं तरी घरी येऊन खात्री करून घ्यावी. मासे दुसऱ्या फेरीत आणले तर काही बिघडत नाही.

या प्रश्नाची उत्तरं कधी कधी धक्का देणारी असतात. आपल्याकडे 'शार्क' म्हणून जो बोटभर लांबीचा, चंदेरी, सतत येरझाऱ्या घालणारा मासा विकतात, तो समुद्रातला शार्क नव्हे. तो आग्नेय आशियातल्या मोठ्या नद्यांमधला पंगास आहे. हॉटेलात 'बासा' म्हणून ताटात येतो तोच. नदीत तो मीटरभराहून लांब होतो. 'काच साफ करतो' म्हणून घेतलेला सकर दोनेक वर्षांत हातभर होऊ शकतो. मग तो शेवाळं कमी खातो, घाण जास्त करतो आणि झाडं उपटतो. ऑस्कर लहानपणी फार देखणा आणि माणसाळणारा. पण ३० सेंटिमीटरपर्यंत जातो आणि बरोबरच्या छोट्या माशांना उरू देत नाही. रेड टेल कॅटफिश तर मीटरभराचा होतो, तरी त्याची वीतभर पिल्लं सर्रास विकली जातात.

'टँकएवढाच मासा वाढतो' असं पुष्कळ जण समजुतीने सांगतात. छोट्या टँकमध्ये माशाची वाढ खुंटते हे खरं, पण ती साठलेल्या घाणीमुळे आणि कोंडल्यामुळे खुंटते. तसा मासा बरेचदा वाकड्या पाठीचा होतो आणि लवकर मरतो. लहान घरात राहिल्यामुळे मूल खुजं झालं तर आपण त्याला सोय म्हणणार नाही.

किती मासे ठेवायचे याचा एक जुना हिशेब आहे: माशाच्या दर इंचाला साधारण चार लिटर पाणी. छोट्या माशांना तो चालतो, मोठ्यांना अजिबात नाही. लांबी दहापट झाली की वजन दहापट होत नाही, सुमारे हजारपट होतं, कारण रुंदी आणि जाडीही वाढते. इंचभराचे दहा टेट्रा आणि दहा इंची एक ऑस्कर या हिशेबात सारखेच दिसतात. प्रत्यक्षात त्या एका ऑस्करचं वजन त्या दहा टेट्रांच्या मिळून शंभर पट असतं, आणि खाणं व घाणही त्या मानाने कितीतरी जास्त. २ फूट लांब, फूटभर रुंद आणि फूटभर उंच टँक काठोकाठ भरला तर साधारण ५६ लिटर पाणी मावतं. रेती, दगड आणि वरची मोकळी जागा वगळली की ४५ उरतं. आपल्याकडच्या बहुतेक घरांतला टँक एवढाच असतो आणि निवड त्यातच बसवायची असते.

आता पाण्याकडे येतो. माशांच्या भांडणाबद्दल सगळे बोलतात, पण माझ्या पाहण्यात भांडणापेक्षा पाण्यानेच जास्त मासे गेले आहेत.

गोड्या पाण्यातल्या माशाच्या शरीरात भोवतालच्या पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात. त्यामुळे कल्ल्यांतून आणि त्वचेतून पाणी सारखं आत शिरत राहतं. मासा ते मूत्रपिंडांतून बाहेर टाकतो, आणि त्याबरोबर जाणारे क्षार कल्ल्यांतून पुन्हा ओढून घेतो. रात्रंदिवस चालणारं हे काम त्याच्या मूळ नदीच्या पाण्याशी जुळलेलं असतं. कार्डिनल टेट्रा ब्राझीलच्या रिओ निग्रो नदीतला. तिचं पाणी कुजलेल्या पानांमुळे कोऱ्या चहासारखं, आम्लधर्मी आणि जवळजवळ क्षारविरहित. आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचं पाणी याच्या उलट, क्षारयुक्त आणि अल्कधर्मी. पीएच साधारण ७.८ ते ८.६. गप्पी आणि मॉली यांनाही जड पाणी मानवतं. मॉली तर थोडं मचूळ पाणीही सोसते. कार्डिनल आणि मॉली एका टँकमध्ये ठेवले तर ते भांडत नाहीत. तरी दोघांपैकी एकाच्या शरीरावर सतत ताण राहतो. मॉली पंख मिटून जागच्या जागी डुलू लागते, अंगावर पांढरी बुरशी चढते, आणि आपण औषधं टाकत राहतो.

म्हणून आधी नळाला विचारावं. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा या खोऱ्यांतून येणारं पाणी मुख्यतः पावसाचं, सह्याद्रीच्या काळ्या दगडावरून उतरलेलं. ते मृदू असतं. धरणाचं पाणी जिथे जिथे थेट मिळतं तिथे बहुधा हाच अनुभव येतो. बोअरचं पाणी वेगळं. दख्खनच्या पठारावर, विशेषतः जिथे खोल बोअर आहेत तिथे ते चांगलंच जड असतं. हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. साबणाला फेस येत नसेल, डाळ लवकर शिजत नसेल, बादलीच्या काठावर आणि तोटीच्या तोंडाशी पांढरा थर धरत असेल तर पाणी जड आहे. नेमका आकडा हवा असेल तर दुकानात कठीणपणा मोजायचं किट मिळतं. टीडीएस मीटर विरघळलेल्या सगळ्या क्षारांची बेरीज दाखवतो, त्यामुळे त्यावरून अंदाजच करता येतो.

पाणी ओळखलं की त्याला जुळणारे मासे निवडायचे. उलटं करू नये. पीएच खाली आणणाऱ्या बाटल्या मिळतात, पण जड पाण्यात त्यांचा परिणाम दोन दिवस टिकतो आणि पीएच पुन्हा वर जातो. हे चढउतार माशाला थोड्याशा न मानवणाऱ्या पण स्थिर पाण्यापेक्षा जास्त त्रास देतात. आपल्या बाजारातले पुष्कळसे मासे नदीतून आलेले नसतात. कोलकात्याच्या आसपास आणि चेन्नईच्या कोलत्तूर भागात त्यांची पैदास होते. पिढ्यान्‌पिढ्या टाक्यांत वाढलेला एंजल रानातल्या एंजलपेक्षा खूप काही सोसतो. तरी सोसणं वेगळं आणि मानवणं वेगळं, आणि मला मानवलेला मासा बघायला आवडतो.

तापमानाचंही असंच आहे. उष्ण प्रदेशातल्या बहुतेक माशांना २४ ते २८ अंश बरे वाटतात. गोल्डफिश या मंडळींतला नाही. तो मूळ चीनचा, थंड पाण्याचा मासा. टेट्रांबरोबर ठेवला तर दोघांपैकी एकाला चुकीच्या तापमानात राहावं लागतं, आणि त्याची घाणही त्यांच्या मानाने फार. नव्या टँकमध्ये सगळ्यात आधी गोल्डफिशच आणला जातो याचं मला दर वेळी वाईट वाटतं. कोकणात आणि मुंबईत एप्रिल-मेमध्ये टँकचं पाणी ३० अंशांच्या वर जातं. निऑनला २६च्या वरचं पाणी जड जातं, कार्डिनल २८-२९ सहज सोसतो. दिसायला दोघे सख्खे भाऊ, पण किनारपट्टीवरच्या घरात कार्डिनलच घ्यावा. तापलेल्या पाण्यात ऑक्सिजनही कमी मावतो: २५ अंशांना लिटरमागे ८ मिलिग्रॅमच्या थोडा वर, ३२ अंशांना ७.३. त्यात वीज गेली आणि एअर पंप बंद पडला की गर्दीच्या टँकमध्ये मासे वर येऊन धापा टाकू लागतात. लोडशेडिंगच्या गावात मासे मोजकेच ठेवावेत. गुरामी किंवा फायटर असे मासे तिथे जास्त टिकतात, कारण त्यांच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर चक्रव्यूहासारखा एक अवयव असतो आणि त्याने ते थेट हवा घेतात.

पाणी जुळलं, आकार जुळला, तरी सोबतीचा प्रश्न उरतो. इथे मी जरा थांबणार आहे, कारण 'कोण कोणाबरोबर चालतो' असे तक्ते सगळीकडे मिळतात आणि त्यांत मुख्य गोष्ट दिसत नाही. पुष्कळ माशांना सगळ्यात आधी स्वतःच्याच जातीची सोबत लागते. टायगर बार्ब हे त्याचं उत्तम उदाहरण. सोनेरी अंगावर चार काळे पट्टे असलेला हा पाच-सहा सेंटिमीटरचा मासा दुसऱ्यांचे पंख कुरतडतो म्हणून बदनाम आहे. आपण दोन किंवा तीन आणतो, कारण टँकमध्ये 'सगळं थोडं थोडं' हवं असतं. टायगर बार्बच्या कळपात वर-खाली पायऱ्या असतात. एकमेकांमागे धावणं, हुसकावणं, पुन्हा जागा मिळवणं हे दिवसभर चालतं. आठ-दहा असले की हे सगळं आपापसात होतं आणि दुखापत क्वचितच होते. दोनच असले की ती धावपळ एंजलच्या लांब लोंबत्या पंखांवर आणि गुरामीच्या मिशांवर उतरते. तरीही लांब शेपटीचा, संथ मासा या कळपाशेजारी नसावाच.

एका माशाला झालेली जखम त्याच्यापुरती राहत नाही. कार्ल फॉन फ्रिश हे नाव मधमाश्यांच्या नाचामुळे पुष्कळांना माहीत असतं. त्यांनीच १९३८ मध्ये मिनो जातीच्या माशांवर काम करताना दाखवून दिलं की जखमी माशाच्या त्वचेतून एक द्रव्य पाण्यात सुटतं आणि त्याचा वास लागताच बाकीचे मासे घाबरून दडतात. बार्ब, टेट्रा, डॅनिओ आणि कॅटफिश याच मोठ्या गटात येतात. दिवसभर कुणाचा ना कुणाचा पंख कुरतडला जात असेल अशा टँकमधले मासे झाडामागून बाहेर येत नाहीत, खायला येत नाहीत, त्यांचे रंग उतरतात, यामागे हे एक कारण असू शकतं.

कोरिडोरस तर एकटा ठेवणं मला अन्याय वाटतो. दक्षिण अमेरिकेतला हा छोटा, चिलखती कॅटफिश मिशांनी रेती चाळत कळपाने फिरतो, मधेच वर येऊन हवेचा घोट घेतो आणि आतड्यातून ती हवा वापरतो. 'तळ साफ करायला एक टाका' म्हणून तो विकला जातो. तो विष्ठा खात नाही. त्याला त्याचं वेगळं, तळाशी जाणारं खाणं लागतं, धार नसलेली बारीक रेती लागते आणि निदान सहा जणांची टोळी लागते. सहा जण एका वेळी वळतात, एका वेळी विसावतात. ते एकदा पाहिल्यावर एकटा कोरिडोरस बघवत नाही.

काहींना मात्र स्वतःच्या जातीचाच शेजार नको असतो. थायलंडचा फायटर हा त्यातला सगळ्यात प्रसिद्ध. तिथे २०१९ मध्ये त्याला राष्ट्रीय जलचर ठरवलं गेलं. दोन नर एकत्र ठेवू नयेत हे लहान मुलांनाही माहीत असतं. त्याच्याजवळ नर गप्पीही नको, हे कमी जणांना ठाऊक असतं. गप्पीची रुंद, रंगीत शेपटी फायटरला प्रतिस्पर्ध्यासारखी दिसते. तोच फायटर राखाडी-तपकिरी कोरिडोरसकडे ढुंकूनही पाहत नाही. मलावी सरोवराच्या खडकांतले सिक्लिड तर प्रत्येक कपारीसाठी भांडतात. त्यांचा टँक मोठा हवा, दगडांनी भरलेला हवा, आणि त्यात दुसऱ्या कुणाला जागा नाही. बोअरचं जड पाणी आणि चार फुटी टँक असेल तर त्यांचा विचार जरूर करावा. पण ते मुख्यतः दगडावरचं शेवाळ खाणारे. त्यांना रोज किडे-अळ्या घातल्या तर पोट फुगून दगावतात.

दोन फुटी टँकसाठी माझं मत विचाराल तर, नळाला मृदू पाणी असेल तिथे दहा कार्डिनल, सहा कोरिडोरस आणि एक हनी गुरामी. कोरिडोरसमध्येही उष्णता मानणारा स्टर्बाय मिळाला तर उत्तम. वर गुरामी, मध्ये टेट्रा, तळाशी कोरिडोरस अशी पाण्याची वाटणी आपोआप होते. हनी गुरामी तर आपल्याच उपखंडातला, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला. जड पाणी असेल तिथे गप्पी, आणि तेही सगळे नर. मादी साधारण महिन्याने वीस-चाळीस पिल्लं देते आणि एकदा मिळालेलं वीर्य महिनोन्‌महिने साठवून ठेवते, त्यामुळे एकटी मादी आणली तरी टँक भरतो. डासांच्या अळ्या खाण्यासाठी महापालिका टाक्यांत गप्पी सोडतात, त्यात हा गुणही उपयोगी पडतो. घरातल्या ४५ लिटरमध्ये तो संकट होतो.

कोणतंही साधारण पाणी मानवणारा आणखी एक मासा आहे, झेब्रा डॅनिओ. निळ्या-सोनेरी पट्ट्यांचा, क्षणभर स्वस्थ न बसणारा. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात त्याची नोंद केली, आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत तो वाढवला जातो. इतक्या काटक, इतक्या देखण्या देशी माशाला दुकानात लोक 'साधा' म्हणून बाजूला सारतात. पश्चिम घाटात असे कितीतरी आहेत. गोवा-कर्नाटकाच्या ओढ्यांत सापडणारा सेतनाई हा बार्ब १९९२ मध्ये छापगर आणि साने यांनी विज्ञानाला ओळखीचा करून दिला. छापगर म्हणजे मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाचे एके काळचे क्युरेटर. हे मासे ओढ्यातून पकडून आणू नयेत. त्यातले काही मुळात फार थोड्या ठिकाणी उरले आहेत. केरळातला डेनिसन बार्ब परदेशी निर्यातीसाठी इतका पकडला गेला की तो आज धोक्यातल्या जातींत मोजला जातो. पैदास केलेले मिळत असतील तरच घ्यावेत.

आणि जुळला नाही तो मासा तलावात सोडू नये. दुकानदार बहुधा परत घेतो, न घेतल्यास दुसरा टँकवाला शोधावा. २०२० मध्ये वाराणसीजवळ गंगेत दक्षिण अमेरिकेचा सकर सापडला, २०२३ मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात उत्तर अमेरिकेचा ॲलिगेटर गार. दोन्ही मासे आपल्याकडच्या रंगीत माशांच्या बाजारात विकले जातात. सकरला इथे खाणारं फारसं कुणी नाही, अंगावर काटेरी कवच आहे, आणि तो देशी माशांची अंडी व शेवाळ फस्त करतो.

निवड झाली की घाई करू नये. नवीन टँकमध्ये माशांच्या विष्ठेतून निघणाऱ्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर वसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर दोन-चार काटक डॅनिओ पुरे, खाणं चिमूटभर, आणि पाणी थोडं थोडं बदलत राहायचं. नळाचं पाणी रात्रभर उघड्या बादलीत ठेवलं की क्लोरीन उडतं. मग आधी लाजरे, कळपाने राहणारे मासे सोडावेत. गुरामीसारखा जागा धरणारा मासा सगळ्यात शेवटी, म्हणजे त्याला आधीच वस्ती असलेल्या गावात पाहुण्यासारखं यावं लागतं. प्रत्येक नवा मासा शक्य असेल तर दोन-तीन आठवडे वेगळ्या छोट्या टँकमध्ये ठेवावा. पिशवी पाण्यावर अर्धा तास तरंगू द्यावी, टँकचं पाणी वाटी-वाटीने आत घालावं आणि मासा जाळीने उचलून सोडावा. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नये. त्या रात्री दिवा लावू नये.

माझ्याकडचे एंजल आता दीड फूट उंचीच्या वेगळ्या टँकमध्ये आहेत, सोबतीला कोरिडोरसची टोळी. जुन्या दोन फुटी टँकमध्ये दहा कार्डिनल आहेत. अजूनही सकाळी पहिल्या उजेडात, टँकचा दिवा लावण्याआधी, मी ते मोजतो. झाडांच्या आडोशातून फिकट रेघा एकेक करून बाहेर येतात, मध्यावर जमतात, आणि दहावी रेघ आली की मी चहा टाकायला जातो.